चाकांवरून शाळेत येणारा विद्यार्थी

हजेरीपटावर नाव असलेले मूल शाळेत येते की नाही, हे पाहणे जसे शिक्षकाचे काम आहे, तसेच ते कसे येते हे पाहणेही त्याचेच काम होय. बहुसंख्य मुले चालत येतात. त्यामुळे वाटेचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु शिरूर व दौंड तालुक्यांतील गावांतून अशीही काही मुले व प्रौढ माणसे आहेत, की ज्यांना पायांऐवजी चाकांनी वाट कापावी लागते. कोणी हाताने दांडा फिरवून तीनचाकी चालवितो, कोणी चाकाच्या खुर्चीत बसतो, कोणी दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरवरून बाजारास जातो, तर कोणाजवळ बॅटरीवर चालणारी तीनचाकी असते. पूर्वी अशा व्यक्तीस पंगू किंवा अपंग म्हणत. आज शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ आहे. शब्द बदलला, तरी चौकात, एस.टी. स्थानकावर व शाळेच्या दारात त्या व्यक्तीस येणारे अनुभव अद्याप पुरेसे बदललेले नाहीत.

या विषयात एक गोष्ट मुळाशी धरावी लागते. अशा व्यक्तीची गाडी ही इतरांच्या सायकलीसारखी किंवा मोटारसायकलीसारखी सोयीची वस्तू नव्हे. ती तिचे पायच होत. हे एकदा ध्यानात आले म्हणजे रस्ता, उंबरा, जिना व बघ्यांची नजर यांचा अर्थ निराळा दिसू लागतो. मूल पायांमुळे जितके अडते, त्यापेक्षा अधिक ते या चार गोष्टींमुळे अडते; आणि या चारही गोष्टी माणसांच्या हातच्या आहेत.

साधनांचे प्रकार

हातांनी चाके फिरवून हिंडण्याची युक्ती नवी नाही. जर्मनीतील न्यूरेंबर्गजवळ स्टेफान फार्फलर नावाचा एक घड्याळजी राहत असे. त्याच्या पायांत शक्ती नव्हती. घड्याळातील दातेरी चक्रांचे ज्ञान वापरून त्याने १६५५ च्या सुमारास हाताने दांडा फिरवून चालविण्याची तीन चाकांची गाडी स्वतःसाठी तयार केली. आपल्याकडील हाताने चालवावयाची तीनचाकी ही तत्त्वतः त्याच गाडीची वंशज होय. घडी घालता येणारी पोलादी चाकाची खुर्ची १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघाली. हर्बर्ट एव्हरेस्ट हा अभियंता खाणीतील अपघाताने पंगू झाला होता. त्याने आपला मित्र हॅरी जेनिंग्ज याच्या साहाय्याने ती बनविली. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲलन थीम याने आजारामुळे चालणे अशक्य होत चाललेल्या आपल्या एका आप्तासाठी बॅटरीवर चालणारी छोटी आसनगाडी तयार केली. तिच्यापासूनच आजची ‘मोबिलिटी स्कूटर’ प्रचारात आली. ही तिन्ही साधने घरातल्या किंवा स्वतःच्या निकडीतून निर्माण झाली, हे विद्यार्थ्यांस अवश्य सांगण्यासारखे आहे.

परदेशातील शहरांत सलग व गुळगुळीत पदपथ असतात. तेथे लहान चाकांची स्कूटर सहज चालते. ब्रिटनमध्ये तर अशा गाडीने पदपथावर ताशी ४ मैल व रस्त्यावर ताशी ८ मैल यापेक्षा अधिक वेगाने जाऊ नये, असा नियमच आहे. आपल्याकडे पदपथ नसतो आणि वाट मुरमाची असते. लहान चाक मातीत रुतते, खड्ड्यात अडते. म्हणून आपल्याकडे मोठ्या चाकांची तीनचाकी अधिक उपयोगी ठरली. केंद्र सरकारने १९७२ मध्ये कानपूर येथे स्थापन केलेल्या भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमाच्या कारखान्यात अशा तीनचाक्या, खुर्च्या व कुबड्या तयार होतात. आणि १९८१ पासून चालू असलेल्या केंद्रीय साहाय्य योजनेतून गरजू व्यक्तींना त्या दिल्या जातात.

येथे शिक्षकाने एक भेद ओळखावा. तीनचाकी हे रस्त्याचे साधन आहे, तर चाकाची खुर्ची हे घरातील व वर्गातील साधन आहे. तीनचाकी रुंद व लांब असल्यामुळे ती वर्गाच्या दारातून आत येत नाही. ज्या मुलाजवळ केवळ तीनचाकी आहे, ते शाळेच्या फाटकापर्यंत स्वतःच्या बळावर येते व तेथून पुढे कोणाच्या तरी खांद्यावर किंवा हातांवर सरपटत जाते. सहा-सात वर्षांच्या मुलास त्याचे काही वाटत नाही; परंतु अकरा-बारा वर्षांच्या मुलीस दररोज वर्गासमोर उचलून नेले जाणे असह्य होते, व ती काहीतरी निमित्त सांगून शाळा सोडते. शाळेत एक साधी चाकाची खुर्ची कायम ठेवली, तर हा प्रसंग टळतो.

कोणाला व का

पूर्वी तीनचाकी दिसली, की पोलिओ हे कारण बहुधा ठरलेले असे. १९९५ पासून देशभर राबविलेल्या पल्स पोलिओ मोहिमेमुळे चित्र पालटले. भारतात या रोगाचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. म्हणून पोलिओमुळे तीनचाकी वापरणारे लोक आता प्रौढ किंवा वृद्ध आहेत. शाळेत येणाऱ्या आजच्या मुलांत मात्र निराळी कारणे दिसतात. जन्माच्या सुमारास मेंदूस इजा झाल्याने हातापायांवरचा ताबा बिघडतो, त्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. अशा मुलाचे बोलणे अडखळते; तेवढ्यावरून त्याची बुद्धी मंद समजणे ही मोठी चूक होय. काही मुलग्यांना स्नायू क्षीण होत जाण्याचा आनुवंशिक आजार असतो. असा मुलगा तीन ते पाच वर्षांच्या वयात वारंवार पडू लागतो, त्याच्या पोटऱ्या भरलेल्या दिसतात, व खाली बसल्यावर मांड्यांवर हात टेकीत तो उठतो. शिक्षक त्यास आळशी समजून धावावयास लावतात, आणि अतिश्रमाने त्याचे नुकसान होते. याखेरीज रस्त्यावरील अपघात किंवा विहिरीत वा झाडावरून पडणे यांमुळे पाठीच्या कण्यास इजा होऊन काहींचे पाय जातात.

यातूनच एक गोष्ट उद्भवते, ती लोकांच्या ध्यानात येत नाही. चाकाचे साधन वापरणाऱ्या प्रत्येकाचे पाय पूर्णपणे निर्जीव असतातच असे नाही. कोणी दहा पावले चालू शकतो, परंतु शंभर पावले चालू शकत नाही. कोणी सकाळी उभा राहतो, परंतु दुपारी थकून जातो. कोणाला भिंत धरून उभे राहता येते, परंतु पायरी चढता येत नाही. असा माणूस बाजारात गाडीवरून उतरून दुकानाच्या फळीस धरून उभा राहिला, की बघणारे म्हणतात, “हा तर चालतो, मग गाडीचे सोंग कशाला?” हा आरोप त्या माणसाच्या मनात खोल जाऊन बसतो. पुढे तो उभे राहणेच टाळतो. जेवढी शक्ती शिल्लक असते तेवढीही न वापरल्यामुळे गमावतो. चष्मा लावणाऱ्यास चष्म्यावाचून थोडे दिसते, म्हणून त्याचा चष्मा कोणी खोटा म्हणत नाही. चाकांच्या बाबतीतही हाच न्याय लावावा.

वाटेतील अडथळे

शिरूर तालुका घोड व भीमा या नद्यांच्या दरम्यान पसरलेला आहे. नदीकाठास काळी जमीन व ऊस, तर वरच्या अंगास मुरमाड माळ असे त्याचे स्वरूप आहे. दौंड तालुक्यातही भीमेकाठी काळी माती आहे. पाऊस थोडाच पडतो. पण पडला की काळ्या मातीतील पाणंद तीनचाकीस बंद होते. चाकास चिकटलेला चिखल काढीत काढीत जाणे एकट्या मुलास शक्य नसते. कोरड्या दिवसांत डांबरी सडक बरी. परंतु सडकेची साइडपट्टी खाली खचलेली असली, तर ट्रकला वाट देण्यासाठी तीनचाकी खाली उतरते ती पुन्हा वर चढत नाही, आणि उलटण्याचे भय असते. उसाच्या हंगामात ट्रॉल्या व बैलगाड्यांची रीघ लागते, त्या वेळी हा धोका दुणावतो. रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखान्यांमुळे जड वाहनांची वर्दळ मोठी आहे. पुणे-अहिल्यानगर व पुणे-सोलापूर या महामार्गांमुळे काही गावांत वस्ती एका अंगास व शाळा दुसऱ्या अंगास अशी स्थिती आहे. पायी जाणारे मूल दुभाजक ओलांडून पळते. चाकांवरच्या मुलास दूरच्या मोरीपर्यंत जाऊन वळसा घ्यावा लागतो. मोरीत पाणी साचले असेल, तर तो दिवस बुडाला.

बॅटरीच्या गाडीस आणखी एक बंधन आहे. एकदा भार भरला, म्हणजे ती ठरावीक अंतरच जाते, व भार भरण्यास काही तास लागतात. रात्री वीज गेली, की सकाळी गाडी चालत नाही. अशा दिवशी झालेली गैरहजेरी ही मुलाची कुचराई नव्हे, हे शिक्षकाने नोंदीत ठेवावे.

शिक्षण हक्काच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या व उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी, असे ठरलेले आहे. चालणाऱ्या मुलास ३ किलोमीटर म्हणजे पाऊण तासाची वाट. परंतु दांडा फिरविणाऱ्या मुलाच्या खांद्यांना जाऊन-येऊन ६ किलोमीटर ही मोठी मजल आहे. म्हणूनच वस्तीवरील शाळा संपून दूरच्या शाळेत जाण्याची वेळ येते, त्या ठिकाणी अशा मुलाचे शिक्षण तुटण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

शाळेचा ओटा

शाळेच्या इमारतीस उतरण, म्हणजे ज्यास सर्वजण रॅम्प म्हणतात, ती आता बहुतेक ठिकाणी दिसते. परंतु ती वापरण्याजोगी आहे काय, हे मोजून पाहावे. मान्य प्रमाण १ : १२ असे आहे, म्हणजे १ फूट चढण्यास १२ फूट लांबी. ओटा ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर उतरण ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवी. रुंदी किमान १ मीटर २० सेंटिमीटर असावी, दोन्ही बाजूंस कठडा असावा, व वर-खाली खुर्ची वळविण्यापुरती, दीड मीटर लांबी-रुंदीची सपाट जागा असावी. वर्गाचे दार ९० सेंटिमीटर मोकळे हवे.

हे प्रमाण का, ते गणिताने समजते. मूल व खुर्ची मिळून ५० किलो वजन धरले, तर १ : १२ च्या चढावर सुमारे ४ किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. तीच उतरण जागा वाचविण्यासाठी १ : ४ अशी उभी बांधली, तर जोर १२ किलोवर जातो, आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. अशी उतरण कागदावर असते, उपयोगात नसते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून गुणोत्तराच्या पाठात आपल्या शाळेची उतरण मोजून घेतली, तर गणितही होईल व दोषही कळेल. उतरणीच्या तोंडाशी मोटारसायकली लावू नयेत, एवढे तर खर्चावाचून होण्यासारखे आहे.

उतरणीइतकाच महत्त्वाचा प्रश्न स्वच्छतागृहाचा आहे. ज्या शाळेत खुर्ची स्वच्छतागृहात जात नाही, तेथे मूल सकाळपासून पाणी पिण्याचे टाळते. उन्हाळ्यात यामुळे मूत्रमार्गाचे विकार होतात. तसेच ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, अशा मुलांना एकाच जागी फार वेळ बसल्याने नकळत जखमा होतात. त्यांस थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन अंग उचलण्याची आठवण द्यावी.

लोकांची नजर

रस्ता व उतरण यांस पैसा लागतो. नजर सुधारण्यास पैसा लागत नाही. तरीही ती सर्वांत शेवटी सुधारते. दुकानदार गाडीवर बसलेल्या माणसास सोडून मागे उभ्या असलेल्या भावास विचारतो, “यांना काय पाहिजे?” यात्रेच्या ठिकाणी तीनचाकीवर बसलेल्या स्वाभिमानी माणसाच्या मांडीवर कोणी नाणे टाकून जातो. कोणी न विचारता मागून गाडी ढकलतो. त्याचा हेतू चांगला असतो, परंतु बसणाऱ्याचा तोल जातो. मधल्या सुट्टीत वर्गमित्र तीनचाकी घेऊन मैदानात फेऱ्या मारतात. तेवढा वेळ ते मूल जागचे हलू शकत नाही. गावात व्यंगावरून नाव पाडण्याची खोड तर जुनी आहे. लंगड्या, पांगळ्या अशी नावे जन्मभर चिकटतात.

हे सर्व शाळेत शिकविण्याचे विषय आहेत. मदत करण्यापूर्वी विचारावे. बोलावयाचे ते त्या व्यक्तीशी बोलावे. फार वेळ बोलणे असेल, तर बसून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे. तिच्या गाडीस टेकू नये व दप्तर अडकवू नये. वाट अडली असेल, तर ती मोकळी करून द्यावी. ही पाच वाक्ये पहिलीच्या मुलासही कळतात. शिक्षकाने स्वतः तशी वागणूक ठेवली, म्हणजे वेगळा उपदेश करावा लागत नाही.

कायदा व सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगता प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या इच्छेनुसार विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, व इमारत, आवार व सोयी त्यास वापरता येतील अशा कराव्यात, हे बंधन आहे. सार्वजनिक ठिकाणी दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा सहा महिने ते पाच वर्षे कारावासास पात्र असा गुन्हा आहे. सुगम्यतेची किमान मानके ही केवळ शिफारस नसून बंधनकारक असली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले.

समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांसाठी साहित्य, प्रवासभत्ता, मदतनीसभत्ता व मुलींसाठी प्रोत्साहनभत्ता यांची तरतूद आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. शाळेच्या वाटेची दुरुस्ती सुचविताना याची आठवण ग्रामसभेत देता येते. बहुतेक सवलतींस दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र लागते. पालकांस हे ठाऊक नसते, किंवा मुलास रुग्णालयापर्यंत नेणेच अवघड असते. यास्तव शिक्षकाचा पुढाकार येथे निर्णायक ठरतो. दोन जादा चाके लावलेली मोटारस्कूटर मात्र मोटारवाहन कायद्याच्या कक्षेत येते. तीस नोंदणी व चालविणाऱ्यास अनुज्ञप्ती लागते. वय झालेले नसताना मुलाच्या हाती ती देऊ नये.

जिल्ह्यातील परंपरा

हे कार्य पुणे जिल्ह्यास अपरिचित नाही. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी स्थापन केलेल्या मुक्ती सदनात अंध स्त्रियांस ब्रेल लिपी शिकविण्याची सोय शंभर वर्षांपूर्वीच होती. ज्यांस समाजाने निरुपयोगी ठरविले होते, त्यांस तेथे वाचता येऊ लागले व काम करून पोट भरता येऊ लागले. पुणे येथे १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, व खडकी येथे कण्यास इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान. त्यांनी १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. २०१८ मध्ये त्यांस पद्मश्री देण्यात आली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय तरुणपणीच गेले. त्यांनी चाकाच्या खुर्चीवरून नोकरी केली व १९८४ मध्ये कोल्हापुरात दिव्यांगांसाठी संस्था उभारली. ही उदाहरणे सांगताना एक दक्षता घ्यावी. प्रत्येक दिव्यांग मुलाने पराक्रम गाजवावा, अशी अपेक्षा त्याच्यावर लादू नये. इतर मुलांप्रमाणे त्यास साधे, सामान्य आयुष्य जगता आले, तरी पुष्कळ झाले. आणि तो त्याचा हक्कच आहे.

शिक्षकाचे कार्य

सत्राच्या आरंभी शिक्षकाने अशा मुलाच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट त्याच्याबरोबर एकदा चालून पाहावी व अडथळ्यांची यादी करावी. त्यातील जे श्रमदानाने दूर होतील, ते पालक व शाळा व्यवस्थापन समिती यांच्या साहाय्याने दूर करावेत; उरलेले ग्रामपंचायतीपुढे लेखी मांडावेत. ज्या वर्गात ते मूल असेल, तो वर्ग तळमजल्यावर व उतरणीजवळ घ्यावा. सहलीचे व क्रीडेचे ठिकाण ठरविताना ते मूल तेथे जाऊ शकेल काय, हा प्रश्न आधी विचारावा, मागाहून नव्हे. मूल वस्तीवरील शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणार असेल, तर वर्ष संपण्यापूर्वीच त्या शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटून दार, उतरण, स्वच्छतागृह व वाहतूक यांची व्यवस्था ठरवून द्यावी. केवळ शाळा सोडल्याचा दाखला देऊन येथील जबाबदारी संपत नाही.

आपली शाळा अशा विद्यार्थ्यास योग्य आहे की नाही, हे पडताळण्यास मोठ्या तपासणीची आवश्यकता नाही. ते मूल कोणाच्या हातांवर न जाता आपल्या जागेवर पोहोचते काय, मधल्या सुट्टीत मैदानात असते काय, आणि दिवसभरात तहान लागेल तेव्हा निःशंकपणे पाणी पिते काय, एवढे पाहावे. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आले, म्हणजे शाळेने आपले कर्तव्य केले असे समजण्यास हरकत नाही.